अहवालात २७ वेळा 'वाढ'! इंग्रजीतल्या वाढवणाऱ्या क्रियापदांचं मराठीत करायचं काय?

मेतकूट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गावातल्या एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मजकूर सीए साहेबांच्या ऑफिसातल्या एका मुलाने इंग्रजीत लिहिलाय. मुलगा हुशार. चार पानांत 'वाढलं' एवढंच सांगायचंय, पण एक क्रियापद त्याने दोनदा वापरलेलं नाही. ठेवी 'इन्क्रीज' झाल्या. भागभांडवल 'ऑगमेंट' झालं. राखीव निधी 'स्ट्रेंग्थन' केला, शाखांचं जाळं 'एक्स्पांड' केलं, मोबाइल सेवा 'एन्हान्स' केली, लाभांश 'रेझ' केला, वसुली 'स्टेप अप' केली, कर्मचाऱ्यांची उमेद 'बूस्ट' केली. खर्च 'एस्कलेट' झाला. थकबाकी बिचारी नुसतीच 'रोझ'.

मी पहिला खर्डा करून दिला. सचिवांनी लाल पेनाने प्रत्येक 'वाढ'भोवती गोल काढून परत पाठवला. २७ गोल. समासात लिहिलंय, "ताई, मराठीत दुसरा शब्द नाही का?"

शब्दकोश काढून बसले. वृद्धी, अभिवृद्धी, वर्धन, संवर्धन, विवर्धन. म्हणजे वाढच, फक्त सोवळं नेसलेली. 'ठेवींचे संवर्धन' लिहिलं तर सभासदांना वाटेल ठेवींना कुंपण घातलंय.

तर प्रश्न असा, की इंग्रजीत खरंच इतके वेगवेगळे अर्थ आहेत, की नुसती कपडे बदलून तीच माणसं? आणि आपण काय करायचं?

रिकामटेकडा

पहिला!

सचिवांनाच विचारा, त्यांच्या मनात कुठला शब्द होता. बहुतेक 'लक्षणीय' असेल.

अर्धविराम

मेतकूट, मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे या क्रियापदांशी माझं जुनं वैर आहे.

एकदा आठवीच्या वर्गात 'आई भात वाढते' हे वाक्य भाषांतराला दिलं. एकाने लिहिलं, 'मदर इन्क्रीजेस राइस.' वर्ग हसला, मीही हसलो. घरी येताना वाटलं, पोरगं अगदीच चुकलं नाही. ऐन जेवणाच्या वेळी चार पानं वाढली की आमची आई भातही वाढवायची आणि आमटीतलं पाणीही.

पण खरा छळ 'राइज' आणि 'रेझ'चा. सूर्य 'राइज' होतो, कारण तो आपला आपण वर येतो. हात 'रेझ' करावा लागतो. मुलं हमखास 'आय राइज माय हँड' लिहायची. अकर्मक-सकर्मक हे शब्द फळ्यावर आले की वर्ग पेंगायचा. शेवटी वाट मराठीतूनच सापडली. झाड पडतं, आपण ते पाडतो. काच फुटते, आपण ती फोडतो. दोरी तुटते, आपण ती तोडतो. गाय सुटते, आपण ती सोडतो. आतला स्वर बदलला (कधी सोबत 'ट'चा 'ड' झाला) की करणारा हजर! इंग्रजीतही ही युक्ती एके काळी होती, आता तिचे चारदोन अवशेष उरलेत. बसण्याचं 'सिट' आणि बसवण्याचं 'सेट', पडून राहण्याचं 'लाय' आणि ठेवण्याचं 'ले', पडण्याचं 'फॉल' आणि झाड पाडण्याचं 'फेल'. आणि ही आपली जोडी. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचेसुद्धा सहसा चुकायचे नाहीत. रूपं तेवढी घोकावी लागतात: राइज, रोझ, रिझन. रेझ मात्र सरळ, रेझ्ड, रेझ्ड.

आता तुमच्या अहवालाकडे बघा. लाभांश 'रेझ' केला, थकबाकी 'रोझ'. म्हणजे लाभांश संचालकांनी वाढवला. थकबाकी मात्र आपली आपणच वाढली, कुणी काही केलं नाही! तुमचा मुलगा नुसता हुशार नाही, फार पुढे जाणार आहे.

रिकामटेकडा

खिक् :))

मेतकूट

सर, हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता परत वाचून पाहिलं. संचालकांनी केलेलं सगळं 'केलं', आणि खर्च नि थकबाकी या नकोशा दोन्ही गोष्टी आपोआप 'झाल्या'. 'एस्कलेट' म्हणजे नक्की काय पण? आमच्याकडे लेक रोज फोनवर म्हणते, 'मी एस्कलेट करते.' तिथे खर्चाचा काही संबंध नसतो.

जुनी वही

एस्कलेटची गंमत सांगतो. क्रियापदाआधी यंत्र आलं. 'एस्कलेटर' हे सरकत्या जिन्याचं व्यापारी नाव, १९०० च्या सुमाराला अमेरिकेत ठेवलेलं, ओटिस कंपनीच्या मालकीचं. लोक कुठल्याही सरकत्या जिन्याला तेच म्हणायला लागले आणि १९५० मध्ये कंपनीचा त्या नावावरचा हक्क गेला. या 'एस्कलेटर'चं शेपूट तोडून 'एस्कलेट' झालं, आणि शीतयुद्धाच्या काळात ते युद्धाच्या बातम्यांत शिरलं. म्हणजे पायरी पायरीने, पण थांबता न येता वर जाणं. सरकत्या जिन्यावर उभं राहिल्यावर मधेच उतरता येत नाही, तसं. खर्च एस्कलेट होतो तो असा. तुमची लेक तक्रार वरच्या साहेबाकडे ढकलते तो जिना तोच, फक्त त्यावर ती दुसऱ्याला उभं करते.

मराठीत 'खर्च चढत गेला' लिहा. जिना आपोआप येईल.

न्यूजर्सीची मावशी

अर्धविराम सर, तुमचं 'रेझ' इथे अमेरिकेत अजून पसरलंय. इथे पगार वाढला की 'रेझ' मिळाला म्हणतात. लंडनची भाची म्हणते 'राइज' मिळाला. पुण्याचा पुतण्या म्हणतो 'हाइक' मिळाली. आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे हे अजून 'इन्क्रिमेंट' म्हणतात. पुरत कुणालाच नाही.

पुतण्या इथे आला तेव्हा ऑफिसातल्या लोकांना सांगून बसला, की मला चांगली हाइक मिळाली. त्यांनी विचारलं, कुठल्या डोंगरावर? भाववाढीच्या अर्थी 'हाइक' मूळचं इथलंच आहे म्हणे, पण पगाराला इथे कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही.

आणखी एक. मी आले तेव्हा मुलांबद्दल 'आय रेझ्ड देम' म्हणायला जीभ वळेना. आमच्या बाई शिकवायच्या, गुरं नि पिकं 'रेझ' करतात, मुलं 'रेअर' करतात. इथे सर्रास मुलं रेझ करतात.

जुनी वही

मावशी, 'रेअर' आणि 'रेझ' सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींचा अर्थ मुळात 'उठवणे'. एक इंग्रजांच्या घरची, दुसरी नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) लोकांबरोबर समुद्रावरून आलेली. तुमच्या बाई सोवळ्यातल्या, बस.

गुढीपाडवा

माझी अडचण वेगळी. 'रेझ'ला मराठीत एक शब्दच नाही. आवाज उठवतात किंवा चढवतात (दोन्हींत फरक आहे, घरी करून बघू नका). पैसे उभे करतात. प्रश्न उपस्थित करतात. मूल वाढवतात. गुढी उभारतात. भुवया उंचावतात. एका 'रेझ'ला सात क्रियापदं!

झेंड्याचं तर विचारूच नका. १५ ऑगस्टला खालून दोरीने वर चढवतात, तो 'होइस्ट'. २६ जानेवारीला आधीच वर बांधलेला असतो, फक्त उलगडतात, तो 'अनफर्ल'. आम्ही दोन्ही दिवशी ध्वजारोहणच लिहितो.

डेस्कवाला

बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, म्हणून लिहितो. गुढीपाडवा यांनी दुखण्यावर बोट ठेवलंय. सचिव विचारतात तो प्रश्नच उलटा आहे. 'वाढ'ला दुसरा शब्द कुठला हे शोधायचं नाही. काय वाढलं ते बघायचं. मराठीत क्रियापद नामाने निवडायचं असतं.

कांदा कडाडतो. सोनं वधारतं. पेट्रोल भडकतं. बाजार उसळतो. नदी फुगते, ताप चढतो, उकाडा वाढतो, दुखणं बळावतं, वाद चिघळतो, गर्दी लोटते, काम साचतं, मुदत लांबते, कर्ज डोईजड होतं, पोट सुटतं. यातल्या एकालाही 'इन्क्रीज' म्हटलं तर इंग्रजी वाक्य मरत नाही. मराठीत मात्र 'पोटात वाढ झाली' लिहून बघा, लोक पत्ता विचारत दवाखान्यात भेटायला येतील.

आम्ही नवीन मुलांना पहिल्या दिवशी सांगायचो, 'मध्ये वाढ झाली आहे' हे चार शब्द दिसले की खोडा. 'किमतीमध्ये वाढ झाली आहे' नाही. 'भाव वाढले.' 'तापमानामध्ये वाढ' नाही. 'पारा चढला.' हे मराठीचं दुखणं नाही, भाषांतराचं आहे.

अर्धविराम

डेस्कवाला, पटलं, पण अर्धंच. इंग्रजीतही नाम क्रियापद निवडतंच. 'रेझ अवेअरनेस' म्हणतात, 'ग्रो अवेअरनेस' नाही. 'हाइटन' तणावाला चालतं, पगाराला नाही. 'एन्हान्स' सौंदर्याला, प्रतिष्ठेला, सुविधेला. म्हणजे आधीच बरं असलेलं अजून बरं होतं तिथे. 'ॲग्रव्हेट' फक्त वाईटाला. जखम, दुखणं, भांडण. कुणाची उमेद ॲग्रव्हेट होत नाही. मुलांना हेच कळत नसे. समानार्थी शब्दांची यादी पाठ करायची आणि परीक्षेत 'माय फादर ऑगमेंटेड द फॅन' लिहून यायची.

(यादीतून शब्द उचलण्याचा हा रोग मोठ्यांनाही असतो. तुमच्या सीएकडच्या मुलाला तोच झालाय.)

काळा कोट

'एन्हान्स' फक्त चांगल्याला? सर, आमच्या कोर्टात या.

भूसंपादनात सरकारने दिलेला मोबदला कमी वाटला की शेतकरी कोर्टात जातो, आणि कोर्ट वाढवून देतं ते 'एन्हान्स्ड कॉम्पेन्सेशन'. मराठीत 'वाढीव मोबदला', गावोगाव सगळ्यांना पाठ असलेला शब्द. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा आला, वाढीव मोबदल्याच्या फायली आहेत तिथेच आहेत. हे झालं चांगलं. पण शिक्षा कमी वाटली की सरकार 'एन्हान्समेंट ऑफ सेंटेन्स' मागतं, म्हणजे शिक्षा वाढवून मागतं. माझ्या एका अशिलाच्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलीने नोटीस वाचली आणि बापाला म्हणाली, बाबा, तुमची शिक्षा ते सुधारून देणार आहेत.

जुनी वही

कोर्टाचं इंग्रजी जुनं आहे म्हणून तिथे जुना अर्थ टिकलाय. 'एन्हान्स' मुळात 'उंच करणे'च. लॅटिनमध्ये उंच म्हणजे 'आल्तुस', त्यातूनच ते फ्रेंचमार्गे आलं, 'अल्टिट्यूड'ही त्याच घरचा. उंचीला चांगुलपणा मागाहून चिकटला.

लॅटिन घराण्यांत शिरलोच आहोत तर दोन मोठी घरं दाखवतो.

एक 'क्रेस्केरे', म्हणजे वाढणे, उगवणे. यातून 'इन्क्रीज', 'इन्क्रिमेंट', बँकेतलं 'अक्रूड' व्याज. जहाजावरचा 'क्रू' आणि सैन्यातला 'रिक्रूट' हेही यातलेच, कारण दोन्ही म्हणजे वाढीव कुमक. घराचं 'काँक्रीट' म्हणजे एकत्र वाढून घट्ट झालेलं. चंद्राची 'क्रेसेंट' म्हणजे वाढती कोर, आणि बेकरीत त्याच आकाराचा म्हणून 'क्रॉसाँ'. आता शिवाजी महाराजांची राजमुद्रा आठवा. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः', प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. तिकडे लोकांनी चंद्राच्या कोरीचं नावच 'वाढती' ठेवलं आणि इकडे मुद्रेसाठी वाढीची उपमा शोधली ती पुन्हा कोरीचीच. दोघांनी एकाच आभाळाकडे पाहिलं.

दुसरं घर 'आउगेरे', वाढवणे. यातून 'ऑगमेंट'. 'ऑक्शन' यातूनच, कारण बोली वाढत जाते. (आपला 'लिलाव' मात्र पोर्तुगिजांकडून आला, गोव्याच्या बाजूने.) आणि 'ऑथर', म्हणजे भर घालणारा. संस्कृतातलं 'ओजस्' याच जुन्या मुळाचं. अस्सल इंग्रजीत याच कुळातला एक शब्द होता, 'ईक', वाढवणे. आता तो 'ईक आउट'मध्ये उरलाय, म्हणजे ओढूनताणून महिना भागवणे. आणि 'निकनेम'मध्ये: मुळात 'ॲन ईकनेम', जादाचं नाव. तिथला 'न' घसरून पुढच्या शब्दाला चिकटला.

चंद्र 'वॅक्स' होतो म्हणतात ना इंग्रजीत? त्याचा मेणाशी संबंध नाही. संस्कृतात वाढण्याच्या अर्थाचा 'वक्ष्' होता, त्याचा तो चुलतभाऊ.

ठेका धुमाळी

'क्रेस्केरे'वरून आठवलं. 'क्रेशेंडो' हाही त्यातलाच. आणि लोक त्याचा खून करतात. 'गोंगाट क्रेशेंडोला पोहोचला' असं लिहितात. क्रेशेंडो म्हणजे चढत जाणं, शिखर नव्हे. भजनात लय चढवत नेतात ते क्रेशेंडोच्या जवळचं. शेवटी टाळ-मृदंग एक होऊन धुमाळी लागते तिथे ते संपलेलं असतं.

अवांतर: 'इन्क्रीज' नाम असलं की जोर पहिल्या अक्षरावर, 'इन्'क्रीज. क्रियापद असलं की दुसऱ्यावर, इन्'क्रीज'. माझ्या पेटीवाल्या मित्राने हे सांगितलं आणि तेव्हापासून बातम्या ऐकताना माझं लक्ष बातमीत नसतं.

काळा कोट

जुनी वही, 'लेव्ही'चं बघा ना. कर 'लेव्ही' करतात, ते उचलण्यावरूनच ना?

जुनी वही

हो. फ्रेंच 'लव्हे', उचलणे, आणि त्याच्या मागे लॅटिन 'लेविस', म्हणजे हलकं. हलकं झालं की वर उचललं जातं, म्हणून 'एलिव्हेट'. आणि तेच 'लेविस' 'ॲलिव्हिएट'मध्ये, म्हणजे दुःख हलकं करणे. एकाच शब्दातून वाढवणारंही निघालं आणि कमी करणारंही.

कराच्या बाबतीत इंग्रज 'रेझ', 'लेव्ही' करत बसतो, जणू जमिनीवरून काहीतरी उचलतोय. आपण कर 'बसवतो', 'लादतो'. ओझं कुणाच्या पाठीवर आहे हे मराठीला पहिल्यापासून ठाऊक.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. शब्द कुठलाही घ्या, पण 'ने' आणि 'पर्यंत' एवढं सांभाळा, हात जोडतो.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायचा विषय तुम्हाला माहीत असेल. इंग्रजीत 'रेझ बाय' आणि 'रेझ टू' यात एका छोट्या शब्दाचाच फरक. एका ठिकाणी मी 'धरणाची उंची ५२४ मीटरने वाढवणार' असं वाचलंय. ५२४ मीटरने! तेवढं वाढवलं तर आम्हाला पूर यायचा नाही, आम्ही समुद्राखालीच जाऊ. खरी वाढ पाच मीटरच्याही आतली आहे, आणि तेवढ्यानेच इकडे झोप उडते. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा गावात कुणी 'पाणीपातळीत वाढ' म्हणत नव्हतं. 'पाणी चढतंय' म्हणत होते, आणि 'कुठवर आलं?' विचारत होते.

डेस्कवाला

कृष्णाकाठ, शंभर टक्के मान्य. डेस्कवर सर्वांत जास्त चुका इथेच होतात. '५० रुपयांनी वाढ' आणि 'वाढून ५० रुपये'. शाळेत विभक्ती घोकल्या त्या या दिवसासाठी.

टक्क्यांचं त्याहून वाईट. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. किती वाढला? अडीच टक्के म्हणाल. गणिताचे मास्तर म्हणतील, ४ चे अडीच टक्के काढा, मग बोला. ४ वर अडीच म्हणजे साडेबासष्ट टक्क्यांची वाढ. म्हणून इंग्रजीवाले 'पर्सेंटेज पॉइंट' किंवा 'बेसिस पॉइंट' म्हणतात, इथे २५० बेसिस पॉइंट (एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग). मराठीत 'पाव टक्का', 'अर्धा टक्का' वाढ म्हटलं की लोकांना बरोबर कळतं, पण शेजारी ठेवींची वाढ टक्क्यांत दिली असेल तर गोंधळ होतो. मेतकूट, तुमच्या अहवालात व्याजदर आणि ठेवी दोन्ही असणार. 'दर ८ वरून ९ टक्के केला' असं दोन्ही आकडे देऊन मोकळं व्हा.

आणि 'तिपटीने वाढ' कधीही लिहू नका. तिप्पट झालं, की मूळचं एक आणि वर तीन मिळून चौपट झालं, यावरून ऑफिसात चहा गार होईपर्यंत भांडणं झालेली पाहिली आहेत. 'तिप्पट झाले' लिहा.

रिकामटेकडा

मग महागाईचा दर कमी झाला की भाव का उतरत नाहीत हो डेस्कवाले? बायको मला रोज विचारते आणि मी रोज विषय बदलतो.

डेस्कवाला

कारण कमी झाला तो चढण्याचा वेग. गाडी घाटात पहिल्या गिअरमध्ये आली, पण चढतेच आहे. भाव उतरायला गाडी वळवावी लागते. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यच मुळी ४ टक्क्यांचं आहे, दोन टक्के खाली-वर चालतात. म्हणजे भाव थोडे थोडे चढत राहावेत हेच धोरण.

'इन्फ्लेट' म्हणजे फुंकून फुगवणे. पूर्वी आम्ही 'चलनफुगवटा' छापायचो, शब्दात फुगा दिसायचा. आता 'चलनवाढ' लिहितात आणि फुगा गेला. मला जुना आवडतो.

तसंच 'ॲप्रिशिएट'. रुपया ॲप्रिशिएट झाला म्हणजे वधारला, पण आकडा खाली येतो: डॉलरला ८३ होते ते ८२ झाले. नवीन मुलं आकडा उतरलेला बघून 'रुपया घसरला' ठोकून देतात. ॲप्रिशिएटच्या पोटात किंमत आहे. माणसाची किंमत ओळखली तरी ॲप्रिशिएट, घराची किंमत वाढली तरी ॲप्रिशिएट.

न्यूजर्सीची मावशी

आमचं घर ॲप्रिशिएट झालंय, मी अजून नाही. (हलकेच घ्या.)

सराफा गल्ली, इंदूर

इंदुरातून. 'वाढ' शब्दावर इतका वेळ बोलताय आणि मूळ गंमत कुणीच काढली नाही. इकडे हिंदीत दुकान 'बढाना' म्हणजे बंद करणं. दिवा 'बढाना' म्हणजे विझवणं. संध्याकाळी 'बंद', 'विझला' म्हणायचं नाही म्हणून. आमच्या घरी चार पिढ्यांची मराठी आहे, आजी नारळ 'वाढवायची', फोडायची नाही. बांगडी फुटली तर 'वाढली'. मंगळसूत्र तुटलं तर तेही 'वाढलं'. लहानपणी मला वाटायचं, वाढणं म्हणजे तुटणं.

मेतकूट

अगंबाई, हो की! म्हणजे माझ्या अहवालात ठेवी २७ ठिकाणी वाढल्या म्हणजे...

काळा कोट

सभासदांना सांगू नका. रांग लागेल.

अर्धविराम

यावरून विचारतो, नाराज होऊ नका. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर बिघडलं कुठे? शाळेत आम्हीच मुलांना शिकवलं की शब्द परत वापरू नये, आणि आता मला त्याचा पश्चात्ताप होतो. ठेवी वाढल्या, सभासद वाढले, कर्जवाटप वाढलं. वाचणाऱ्याला तीन गोष्टी एका मापाने मोजता येतात. तिथे वाढल्या, वृद्धिंगत झाले, विस्तारलं असं केलं, तर तो उगाच शोधत बसेल की फरक काय. मूळ इंग्रजीत त्या मुलाने तेच केलंय. 'ऑगमेंट' आणि 'इन्क्रीज' यांत त्याच्या मनात काडीचा फरक नव्हता.

डेस्कवाला

सर, वाढलं तिथे वाढलं म्हणा, हे मलाही मान्य. पण त्याच्या इंग्रजीत तीन ठिकाणी फरक होता. भांडवल ऑगमेंट म्हणजे बाहेरून भर घातली. निधी स्ट्रेंग्थन म्हणजे भक्कम केला. सेवा एन्हान्स म्हणजे संख्या वाढली नाही, सोय वाढली. तिथे 'वाढ' लिहिणं चूकच. मोबाइल सेवेत वाढ झाली म्हणजे काय, ॲप लांब झालं?

मेतकूट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून परत लिहिलं. आता असं झालंय:

"अहवाल सालात ठेवी, सभासद आणि कर्जवाटप तिन्ही वाढले. भागभांडवलात नव्या सभासदांमुळे भर पडली. राखीव निधी अधिक भक्कम केला. दोन नवीन शाखा उघडल्या. मोबाइल ॲपवरून आता हप्ताही भरता येतो. लाभांश वाढवला आहे. खर्च वर्षभर चढत राहिला. थकबाकी फुगली असून वसुलीला जोर लावला आहे."

'शाखांचं जाळं एक्स्पांड'च्या जागी 'दोन शाखा उघडल्या' लिहिताना कळलं की दोनच उघडल्यात. 'एन्हान्स'चं काय करायचं म्हणून फोन केला, तर मोबाइल सेवेत नेमकं काय नवीन आहे ते ऑफिसात कुणालाच सांगता येईना. शेवटी शिपायाने सांगितलं, हप्ता भरता येतो. उमेद 'बूस्ट' झाल्याचं वाक्य काढूनच टाकलं. त्याला मराठीत काही सापडलं नाही, आणि कर्मचाऱ्यांनाही विचारून पाहिलं.

२७ च्या जागी दोन 'वाढ' उरल्या. उद्या सचिवांकडे देते.

जुनी वही

वा! 'थकबाकी फुगली' छापू देतील असं वाटत नाही, पण वा.

कृष्णाकाठ

छान झालंय. आकडे घालताना 'ने' आणि 'वर' बघा तेवढं.

मेतकूट

उशिरा लिहितेय. अहवाल छापून आला. सर्वसाधारण सभा रविवारी.

'भर पडली', 'भक्कम', 'चढत राहिला' तसंच आहे. 'थकबाकी फुगली'चं 'थकबाकीचे प्रमाण काही अंशी बदलले' झालंय. आणि पहिल्या वाक्यात अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली: "ठेवींमध्ये लक्षणीय वाढ झालेली आहे."

रिकामटेकडा

मी म्हटलं नव्हतं? पहिल्याच प्रतिसादात!

बरं, सभेला जेवण आहे का? आणि वाढायला कोण आहे?